दारावरची बेल: जोडणी, बिघाड आणि दुरुस्ती यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील उत्तरे प्रामुख्याने भारतातील घरांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या, थेट 230 व्होल्टवर चालणाऱ्या बेलविषयी आहेत. वायरलेस बेल, परदेशातून आणलेली बेल आणि व्हिडिओ डोअरबेल यांचा विचार शेवटच्या भागात केला आहे.

बेल वाजत नसेल तर तपासणीची सुरुवात कोठून करावी?

बेलपासून नव्हे, तर दाराबाहेरच्या बटणापासून करावी. बेल घरात, उंचावर आणि कोरड्या जागी असते. बटण मात्र ऊन, पाऊस, धूळ, रंगकाम आणि असंख्य बोटे यांना तोंड देत असते. त्यामुळे नवी बेल विकत आणण्यापूर्वी बटण तपासले, तर बऱ्याचदा तो खर्च वाचतो.

त्याहीआधी दोन साध्या गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे, ज्या सर्किटवर बेल आहे त्या सर्किटचे दिवे लागत आहेत का. दुसरी म्हणजे, बेल बंद ठेवण्यासाठी घरात वेगळा स्विच बसवलेला आहे का. दुपारच्या झोपेसाठी किंवा तान्ह्या बाळासाठी बंद केलेला हा स्विच पुन्हा चालू करायचा राहून जातो आणि मग वायरमनला बोलावणे धाडले जाते.

यानंतर एकाने बाहेरून बटण दाबावे आणि दुसऱ्याने बेलजवळ कान द्यावा. बेलमधून बारीक गुणगुण ऐकू येत असेल, तर वीज बेलमधील तारेच्या गुंडाळीपर्यंत, म्हणजे कॉइलपर्यंत, पोहोचत आहे आणि दोष बेलच्या यांत्रिक भागात आहे. काहीच ऐकू येत नसेल, तर बटण, वायर किंवा जळालेली कॉइल यांपैकी एकाचा संशय घ्यावा.

बटणातील लहान लाल दिव्यावरून काही कळते का?

पुष्कळ कळते. अनेक बटणांत निऑनचा दिवा स्विचच्या दोन टर्मिनलांच्या मध्ये जोडलेला असतो. बटण दाबलेले नसताना अत्यल्प प्रवाह फेजकडून (वीज आणणाऱ्या वायरकडून) या दिव्यातून, पुढे बेलच्या कॉइलमधून न्यूट्रलकडे (वीज परत नेणाऱ्या वायरकडे) जातो. हा प्रवाह दिवा मिणमिणता ठेवण्यास पुरेसा असतो, बेल वाजवण्यास नाही. म्हणून दिवा लागलेला असेल, तर फेज, दोन्ही वायरी, कॉइल आणि न्यूट्रल हा सारा मार्ग बहुधा अखंड आहे असे समजावे. अशा स्थितीत बटण दाबल्यावर दिवा विझला पाहिजे, कारण स्विचचे संपर्क जुळताच दिव्याच्या दोन्ही टोकांमधील विजेचा दाब (व्होल्टेज) नाहीसा होतो. बटण दाबूनही दिवा तसाच राहत असेल, तर स्विचचे संपर्क जुळत नाहीत हे निश्चित झाले. दिवा विझतो पण बेल गप्प राहते, तर बेलच्या आत सरकणारा लोखंडी दांडा अडकला आहे. दिवा मुळातच लागत नसेल, तर वीज येत नाही, कोठेतरी वायर तुटली आहे, कॉइलची तार आतून तुटली आहे किंवा दिवाच गेला आहे.

काही मॉड्युलर बटणांत हा दिवा फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये स्वतंत्रपणे जोडतात. तेथे हे निदान लागू पडत नाही; बटण दाबल्यावरही दिवा लागलेलाच राहणे तेथे स्वाभाविक आहे.

जोडणी नेमकी कशी असते?

फेजची वायर प्रथम बटणाच्या एका टर्मिनलला येते. बटणाच्या दुसऱ्या टर्मिनलमधून निघालेली वायर, जिला वायरमन ‘हाफ’ म्हणतात, ती बेलच्या एका टर्मिनलला जाते. बेलच्या दुसऱ्या टर्मिनलला न्यूट्रल थेट जोडलेला असतो. एवढेच हे सर्किट आहे. साध्या दिव्याच्या सर्किटपेक्षा ते वेगळे नाही, फरक इतकाच की येथील स्विच हात काढताच आपोआप उघडणारा असतो. म्हणून बटणाच्या जागी साधा स्विच कधीही बसवू नये.

आपल्याकडील वायरिंगमध्ये लाल, पिवळा किंवा निळा रंग फेजसाठी, काळा न्यूट्रलसाठी आणि हिरवा अर्थिंगसाठी वापरण्याची पद्धत आहे. युरोपीय पद्धतीच्या उपकरणांत मात्र तपकिरी वायर फेजची आणि निळी न्यूट्रलची असते, त्यामुळे निळा रंग पाहून गोंधळ होण्याची शक्यता असते. जुन्या घरांत तर वायरमनच्या पिशवीत त्या दिवशी जो रंग उरला होता तो वापरलेला आढळतो. रंगावर विसंबून न राहता प्रत्येक वायर तपासूनच निर्णय घ्यावा.

वायर तांब्याची, 1 किंवा 1.5 चौरस मिलिमीटर जाडीची असावी. बेलला वीज फार थोडी लागते हे खरे. पण वायरची जाडी बेलच्या गरजेवरून नव्हे, तर त्या सर्किटच्या एमसीबीवरून (प्रवाह मर्यादेबाहेर जाताच वीज तोडणाऱ्या स्विचवरून) ठरते. शॉर्ट सर्किट झाल्यास 6 अँपिअरचा एमसीबी पडेपर्यंतचा प्रवाह त्या वायरने सहन केला पाहिजे. टेलिफोनची किंवा इंटरनेटची बारीक केबल 230 व्होल्टच्या बेलसाठी वापरलेली आढळते, ती ताबडतोब बदलावी.

फेजऐवजी न्यूट्रल बटणातून नेला तर काय बिघडते? बेल तर वाजतेच.

बेल वाजते, म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. अशा जोडणीत बेलची कॉइल आणि तेथून बटणापर्यंतची वायर चोवीस तास फेजला जोडलेली राहते. बेल वाजत नाही म्हणून कोणी तिचे झाकण उघडले, तर ‘बटण दाबलेले नाही, म्हणजे बेलमध्ये वीज नाही’ हा त्याचा समज जिवावर बेतू शकतो. शिवाय ओल्या भिंतीतील त्या वायरचे आवरण खराब होऊन ती अर्थिंगला टेकली, तर बेल कोणी न दाबताही वाजू लागते.

बरोबर जोडणीतही बटणाच्या एका टर्मिनलवर 230 व्होल्ट असतातच, हे मात्र विसरू नये. उघड्यावर, पावसाच्या माऱ्यात, कोणत्याही अनोळखी माणसाने ओल्या हाताने दाबावे अशा जागी एवढा दाब नेऊन ठेवणे ही पद्धत मुळातच फारशी शहाणपणाची नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ब्रिटन आणि अमेरिकेत दाराबाहेरचे बटण ट्रान्सफॉर्मरने उतरवलेल्या कमी दाबावर चालते. आपल्याकडे फ्लॅटच्या बंदिस्त व्हरांड्यात थेट जोडणी चालून जाते. बंगल्याच्या फाटकावर ती टाळावी.

काम सुरू करण्यापूर्वी वीज पूर्ण बंद झाल्याची खात्री कशी करावी?

घरातील बेलचा स्विच बंद करणे पुरेसे नाही. केवळ एमसीबी पाडणेही काही जुन्या घरांत पुरेसे ठरत नाही. एकेरी एमसीबी फक्त एकच वायर तोडतो आणि पूर्वी कधी फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली असेल, तर तोडलेली वायर न्यूट्रलची निघते. म्हणून मेन स्विच बंद करावा. घरात इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करावा, कारण मेन बंद करताच इन्व्हर्टर तत्परतेने वीज पुरवू लागतो आणि बेल त्याच्याच सर्किटवर असू शकते.

मेन बंद करण्यापूर्वी टेस्टर चालू असलेल्या एखाद्या प्लगवर लावून ठीक असल्याचे पाहावे, मेन बंद केल्यावर मग बेलच्या वायरींवर लावावा. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, हा निष्कर्ष केवळ चालू टेस्टरच्या बाबतीत खरा असतो. उलट, शेजारून गेलेल्या चालू वायरमुळे रिकाम्या वायरवरही टेस्टर मंद पेटतो आणि माणूस नसलेला दोष शोधत बसतो. होल्डर, बल्ब आणि दोन वायरी यांचा टेस्ट लॅम्प किंवा एसी व्होल्टवर ठेवलेला मल्टिमीटर अधिक विश्वासार्ह आहे.

हे काम घरच्या घरी करण्यास कायद्याने परवानगी आहे का?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार वायरिंगची नवी जोडणी, वाढ किंवा फेरबदल परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावा लागतो. 250 व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणे जशीच्या तशी बदलण्यास मात्र त्यातून सूट आहे, अट एवढीच की सर्किटची क्षमता व स्वरूप बदलू नये. म्हणजे खराब बटणाच्या जागी तसेच बटण लावणे या सुटीत बसते. भिंतीतून नवी वायर ओढून फाटकावर बटण नेणे बसत नाही.

बटण दुरुस्त होते का, की नवेच घ्यावे?

वीज बंद करून बटण उघडल्यावर आत काय दिसते यावर ते अवलंबून आहे. दिवाळीपूर्वीच्या रंगकामात बटणाच्या कडेने आत शिरलेला रंग बटण जाम करतो. तो खरवडून निघतो. मुंग्या आत घर करतात आणि संपर्कांमध्ये चिरडून जळाल्याने काळा थर बसतो. तोही बारीक पॉलिश पेपरने साफ होतो. स्क्रू सैल होऊन वायर निसटली असेल, तर वायरचे टोक नव्याने सोलून, पीळ देऊन घट्ट आवळावे. परंतु संपर्कांवर खड्डे पडले असतील, प्लास्टिक वितळले असेल किंवा किनाऱ्याजवळच्या घरात पितळेवर हिरवट गंज चढला असेल, तर साफसफाईत वेळ घालवू नये. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे हा गंज फार लवकर येतो. तेथे रबरी कडा असलेले, पावसाळी वापराचे बटण घेणे परवडते.

‘टिंग’ ऐकू येते पण ‘टाँग’ नाही, किंवा उलट. हे कशामुळे?

टिंग-टाँग बेलची रचना समजली की हे कोडे उलगडते. तिच्यात तांब्याच्या तारेची एक कॉइल असते आणि कॉइलच्या पोकळीत लोखंडी दांडा सैलसर सरकतो. दांड्याच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या स्वरांच्या धातूच्या पट्ट्या असतात. बटण दाबताच कॉइल चुंबक बनून दांड्याला आत खेचते आणि तो पहिल्या पट्टीवर आदळतो. बटण सोडताच स्प्रिंग त्याला परत फेकते आणि तो दुसऱ्या पट्टीवर आदळतो. पहिला स्वर विजेचा आहे, दुसरा स्प्रिंगचा.

म्हणून पहिला स्वर क्षीण असेल किंवा येतच नसेल, तर दाब कमी आहे किंवा दांडा धुळीने जड झाला आहे. ग्रामीण भागात शेतीपंप सुरू असण्याच्या वेळेत दाब बराच खाली येतो, तेव्हा दांडा पट्टीपर्यंत पोहोचतच नाही; रात्री तीच बेल खणखणीत वाजते. दुसरा स्वर येत नसेल, तर स्प्रिंग निसटलेली, गंजलेली किंवा दबलेली आहे, अथवा बटणच आत अडकून राहिले आहे. दोन्ही स्वर बद्द येत असतील, तर पट्ट्या ज्या रबरी बुशांवर टेकलेल्या असतात ते बुश कडक झाले आहेत किंवा पट्टी झाकणाला टेकत आहे. पट्टीला मोकळेपणाने थरथरता आले नाही, तर ती वाजत नाही.

दांडा काढून कोरड्या सुती कापडाने पुसावा, कॉइलची पोकळी कापसाच्या काडीने साफ करावी आणि पुन्हा बसवावा. तेल मात्र अजिबात घालू नये. तेल घातल्यावर पहिले काही दिवस बेल उत्तम वाजते, नंतर त्या तेलावर धूळ बसून असा चिकटा तयार होतो की दांडा हलेनासा होतो. झाकणाच्या फटीतून कुंभारमाशीने आत केलेले मातीचे घरटे हेही एक कारण असते, विशेषतः उन्हाळ्याच्या सुटीत बंद राहिलेल्या घरांत.

बेलमधून सतत घुं-घुं आवाज येतो आणि जळका वास येतो. काय करावे?

लगेच मेन स्विच बंद करावा; कारणाचा शोध नंतर घ्यावा. टिंग-टाँग बेलची कॉइल क्षणभराच्या वापरासाठी बनवलेली असते. बटण आत अडकले, तर ती सतत चालू राहते, तारेवरील वार्निश तापून वितळू लागते आणि शेवटी कॉइल जळते. आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ असल्याने चुंबकाची ओढ सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होते. घुं-घुं ऐकू येते ती त्यामुळे. मुलांनी खेळ म्हणून बटण दाबून धरले, तरी हाच परिणाम होतो.

कॉइल थंड झाल्यावर वायरी सोडवून मल्टिमीटरने तिचा रोध मोजावा. मीटर काहीच दाखवत नसेल, तर तार तुटली आहे. जवळजवळ शून्य दाखवत असेल, तर वेढे आपसांत चिकटले आहेत. दोन्ही बाबतींत बेल बदलणेच योग्य. पूर्वी अशा कॉइल पुन्हा गुंडाळून मिळत असत. आता मजुरीच नव्या बेलच्या किमतीएवढी होते. जुन्या बटणासह नवी बेल जोडू नये, कारण जिने पहिली बेल जाळली ती अडकण्याची सवय बटणात तशीच शिल्लक असते.

कोणी न दाबता बेल वाजते. असे का होते?

टिंग-टाँग बेल असेल, तर बटणात किंवा भिंतीत ओल शिरली आहे. पावसाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यात आपोआप थांबणारा दोष हमखास हाच असतो.

संगीत वाजवणारी इलेक्ट्रॉनिक बेल असेल, तर आणखी दोन शक्यता असतात. एक, बटणातील निऑन दिव्यातून झिरपणारा प्रवाह. टिंग-टाँग बेलला तो जाणवत नाही. पण इलेक्ट्रॉनिक बेलमध्ये तो हळूहळू साठून अधूनमधून चिवचिवाट घडवू शकतो. अशा बेलबरोबर दिवा नसलेले बटण वापरावे. दोन, हाफची वायर एकाच पाइपमधून इतर चालू वायरींच्या सोबत लांबवर गेलेली असणे. त्यांच्यामुळे तिच्यात उत्पन्न होणारा दाबही बेलला भुलवतो.

या संगीत बेलमध्ये बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो. एक कपॅसिटर दाब उतरवण्याचे काम करतो. कपॅसिटर जुना झाला की आवाज चिरका आणि मंद होत जातो. ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे आतील संपूर्ण सर्किट, स्पीकरसुद्धा, विजेच्या मुख्य वाहिनीशी थेट जोडलेले असते. चालू स्थितीत त्याला कोठेही हात लावू नये आणि वीज बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरण्यास थोडा वेळ द्यावा.

बेल दाबली की घरातील ईएलसीबी पडतो. बेल नवी आहे, तरीही.

बेल बदलून उपयोग होणार नाही, न्यूट्रल तपासावा. ईएलसीबी हे संरक्षक उपकरण फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची तुलना करत असते आणि घरगुती उपकरणात साधारणपणे 30 मिलिअँपिअरचा फरक पडताच वीज तोडते. वायरमनने बेलचा फेज संरक्षित सर्किटमधून आणि न्यूट्रल मात्र जवळ सापडला म्हणून दुसऱ्याच सर्किटमधून घेतला असेल, तर बेलचा सगळा प्रवाह या उपकरणाला गळती म्हणूनच दिसतो. 10 वॉटची बेल 230 व्होल्टवर सुमारे 43 मिलिअँपिअर घेते, म्हणजे वीज तोडण्यास पुरेसा प्रवाह. फेज आणि न्यूट्रल एकाच सर्किटचे केले की तक्रार मिटते. तसे असूनही वीज तुटत असेल, तर बटणातील किंवा वायरमधील ओल हे खरे कारण असते आणि उपकरण आपले काम चोख बजावत असते. ते काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास मानू नये.

भारनियमनाच्या वेळीही बेल वाजावी यासाठी काय करावे?

बेल इन्व्हर्टरच्या सर्किटवर घ्यावी, आणि वर सांगितल्याप्रमाणे फेजबरोबर न्यूट्रलही त्याच सर्किटचा घ्यावा. चौकोनी तरंग देणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरवर टिंग-टाँग बेल अधिक खरखरीत घुमते. ते निरुपद्रवी आहे. कपॅसिटरवर चालणाऱ्या संगीत बेलला मात्र असा तरंग मानवत नाही.

बंगल्याच्या फाटकावर बटण बसवायचे आहे. सुरक्षित उपाय कोणता?

घरात 12 व्होल्टचा चांगल्या प्रतीचा अडॅप्टर आणि 12 व्होल्टची बेल लावावी व फाटकापर्यंत केवळ 12 व्होल्टची दोन तारांची केबल न्यावी. फाटक 30 मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन 60 मीटर तार होते. 1 चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत तिचा रोध जेमतेम 1.1 ओहम भरतो आणि अर्धा अँपिअर घेणाऱ्या बेलच्या वाट्याला त्यामुळे अर्धा-पाऊण व्होल्टच कमी येतो. केबल पाइपमधून न्यावी, आणि हा पाइप 230 व्होल्टच्या वायरींचा नसावा.

घरातील जुनी 230 व्होल्टची बेलच ठेवायची असेल, तर फाटकावरील बटणाने 12 व्होल्टचा रिले (कमी दाबावर चालणारा चुंबकीय स्विच) चालवावा आणि रिलेच्या संपर्कांनी बेल चालवावी. रिलेच्या कॉइलला उलट दिशेने एक डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जोडावा, अन्यथा बटणाचे संपर्क लवकर जळतात.

एका बेलला दोन बटणे किंवा एका बटणाला दोन बेल जोडता येतात का?

दोन्ही शक्य आहे आणि दोन्ही ठिकाणी जोडणी समांतर असावी. पुढच्या व मागच्या दाराची बटणे समांतर जोडली की कोणतेही दाबल्यावर बेल वाजते. कोणत्या दारावर कोण आले ते मात्र कळत नाही, त्यासाठी दोन वेगळ्या स्वरांच्या बेल घ्याव्यात. वरच्या मजल्यावर दुसरी बेल लावताना ती पहिलीशी एकामागे एक जोडल्यास दाब दोघींत विभागला जातो आणि कोणतीच नीट वाजत नाही.

वायरलेस बेल घ्यावी का?

भाड्याच्या घरात, भिंत फोडायची नसेल तेव्हा, जरूर घ्यावी. या बेल बहुधा 433 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतात. लोखंडी सेफ्टी डोअर आणि काँक्रीटच्या भिंती यांमुळे खोक्यावर छापलेले अंतर प्रत्यक्षात मिळत नाही. बटण लोखंडी चौकटीवर न चिकटवता शेजारच्या भिंतीवर लावल्यास फरक पडतो. आवाज यायचा बंद झाला की प्रथम बटणातील सेल बदलावा. तो 12 व्होल्टचा बारीक सेल किंवा नाण्यासारखा 3 व्होल्टचा असतो. शेजाऱ्याच्या बटणाने आपली बेल वाजत असेल, तर माहितीपत्रकात दिलेल्या पद्धतीने बटण व बेल यांची जोडी नव्याने जुळवावी. प्लगमध्ये लावायची बेल वीज गेल्यावर मुकी होते, याचीही नोंद असावी.

अमेरिकेतील नातेवाइकांनी व्हिडिओ डोअरबेल आणली आहे. जुन्या बेलच्या वायरींना जोडता येईल का?

थेट जोडू नये. जोडताच ती निकामी होईल. वायरने चालणाऱ्या अमेरिकी व्हिडिओ डोअरबेलला साधारण 16 ते 24 व्होल्टचा एसी दाब लागतो. तेथील घरांत तो ट्रान्सफॉर्मरमधून आधीच आलेला असतो. आपल्या बटणामागील वायरींत 230 व्होल्ट असतात. सोबत तिकडचा ट्रान्सफॉर्मर आणला असला, तरी तो 120 व्होल्टच्या पुरवठ्यासाठी बनवलेला असल्याने येथे जळेल. 230 व्होल्टवरून योग्य दाब देणारा ट्रान्सफॉर्मर येथेच घ्यावा, जुन्या वायरी मुख्य वाहिनीपासून पूर्णपणे सोडवून त्यांतून केवळ कमी दाब न्यावा, किंवा सरळ बॅटरीवर चालणारे मॉडेल वापरावे.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना उलट अडचण येते: जुन्या घरातील 10 व्होल्ट-अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर नव्या व्हिडिओ डोअरबेलला अपुरा पडतो, चाइम (घरातील बेल) सतत गुणगुणतो किंवा कॅमेरा रात्री बंद पडतो. अशा वेळी उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेचा, बहुधा 30 व्होल्ट-अँपिअरचा, ट्रान्सफॉर्मर बसवून घ्यावा. चाइमच्या आत ‘ट्रान्स’, ‘फ्रंट’ आणि ‘रिअर’ अशा तीन खुणा असतात. ट्रान्सफॉर्मरची एक तार ‘ट्रान्स’ला, पुढच्या दाराच्या बटणाची तार ‘फ्रंट’ला आणि मागच्या दाराची ‘रिअर’ला येते, तर ट्रान्सफॉर्मरची दुसरी तार दोन्ही बटणांना सामाईक असते. वायरी सोडवण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण त्या बहुतेकदा एकाच रंगाच्या नसल्या तरी कोणता रंग कोठे वापरावा याचा तेथेही नेम नसतो.